मर्जपासून प्रॉडपर्यंत ४० मिनिटं, आणि परत यायलाही ४०च

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जँगोचं (पायथनमधलं) वेब ॲप, पडद्यामागची कामं उरकणारे सेलरीचे वर्कर, ब्राउझरमध्ये दिसणारा रिॲक्टचा फ्रंटएंड आणि मागे पोस्टग्रेसचा डेटाबेस. सगळं कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनवर (नोडवर) कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर; कोड तपासून, बांधून पुढे नेणारी पाइपलाइन गिटलॅबची. मर्जपासून (कोड मुख्य ब्रँचमध्ये मिसळल्यापासून) प्रॉडपर्यंत, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमपर्यंत, ४० मिनिटं लागतात. प्रत्येक डिप्लॉयच्या वेळी अर्धा-पाऊण मिनिट काही ग्राहकांना ५०२ (मागचा सर्व्हर उत्तर देत नाही, अशी एरर) दिसतो. काही बिघडलंच तर कमिट रिव्हर्ट करायचा (कोडमधला बदल उलटवायचा) आणि पुन्हा ४० मिनिटं थांबायचं. म्हणून शुक्रवारी डिप्लॉय बंद, आणि गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांची झुंबड. यावर उपाय म्हणून आर्गो सीडी आणावं की ब्ल्यू-ग्रीन (ॲपच्या दोन पूर्ण प्रती ठेवून ट्रॅफिक एकीवरून दुसरीवर वळवणं) करावं, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता तरी दोन्ही नको. आर्गो सीडी उत्तम आहे, मी रोज वापरतो. पण गिटमध्ये लिहिलेलं आणि क्लस्टरमध्ये चालू असलेलं जुळवत राहणं एवढंच त्याचं काम आहे. तुमच्या वरच्या तक्रारींपैकी एकही त्याने जाणार नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल. ब्ल्यू-ग्रीनबद्दल पुढे लिहितो.

तुमच्या आकड्यांत मला सगळ्यात जास्त खटकला तो परत येण्याचा. पुढे जायला ४० मिनिटं लागली तर माणूस चहा पिऊन येतो. मागे यायला ४० मिनिटं लागली तर तेवढा वेळ ग्राहक तुटलेल्या पानाकडे बघत असतो आणि मॅनेजर तुमच्याकडे. शुक्रवारची बंदी, गुरुवारची झुंबड, एकाच डिप्लॉयमध्ये दहा-बारा मर्ज कोंबणं, हे सगळं तिथून सुरू झालंय. म्हणून मी कामाला रोलबॅकपासून हात घालेन. बाकीच्या गोष्टीही मी त्याच एका प्रश्नावर घासून बघतो: याने मागे येणं सोपं होतं का?

कालची इमेज आहे कुठे?

रिव्हर्ट कमिट करून नवी इमेज (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) बांधायची गरजच का पडते? काल दुपारी जी इमेज व्यवस्थित चालत होती, ती रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, असायला हवी. फक्त तिच्याकडे बोट दाखवायचं, मिनिटभरात काम व्हायला हवं. ते होत नाही, कारण तुमच्या वर्णनावरून इमेजला 'लेटेस्ट' किंवा 'प्रॉड' असा एकच टॅग लागतो आणि दर बिल्डला तो पुढे सरकतो. कालची इमेज तिथेच कुठेतरी आहे, पण तिला नाव उरलेलं नाही.

याचा आणखी एक त्रास आहे, तो लोकांना उशिरा कळतो. टॅग 'लेटेस्ट' नसेल तर कुबरनेटीसचा मुळातला नियम असा की नोडवर त्या नावाची इमेज आधीच असेल तर पुन्हा खेचायची नाही. म्हणजे 'प्रॉड' टॅग तुम्ही हलवलात, तर ज्या नोडवर जुनी इमेज पडून आहे तिथला पॉड (ॲपची एक चालती प्रत) जुनाच कोड चालवतो आणि शेजारच्या नोडवरचा नवा. दोघांचं नाव एकच. अशी भानगड शोधताना माझी एक अख्खी दुपार गेली आहे. आणि रोलआउट अनडू ही आज्ञा इथे कुचकामी ठरते. तिला मागच्या वेळचं वर्णन परत आणता येतं, पण त्या वर्णनातही तोच हलता टॅग लिहिलेला असतो.

तेव्हा टॅगमध्ये कमिटचा हॅश (त्या बदलाचा न बदलणारा ओळखक्रमांक) घाला, आणि डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये (काय चालवायचं हे कुबरनेटीसला सांगणाऱ्या वर्णनात) टॅगऐवजी इमेजचा शा-२५६ डायजेस्ट लिहा. टॅग ही चिकटवलेली चिठ्ठी असते, कोणीही काढून दुसरीकडे लावू शकतो. डायजेस्ट आतल्या मालावरूनच निघतो. २०२५च्या मार्चमध्ये गिटहबवरच्या टीजे-ॲक्शन्सच्या 'चेंज्ड-फाइल्स' या लोकप्रिय ॲक्शनचं (पाइपलाइनमध्ये वापरायच्या तयार तुकड्याचं) हेच झालं. हल्लेखोरांनी जुने टॅग उचलून घातक कमिटवर नेऊन ठेवले, आणि हजारो रिपॉझिटरींच्या पाइपलाइनी आपापल्या बिल्ड-लॉगमध्ये गुपितं छापायच्या बेतात आल्या. ज्यांनी पूर्ण कमिट-हॅश लिहून ठेवला होता त्यांना त्या सरकवलेल्या टॅगांची बाधा झाली नाही. तुम्ही गिटलॅबवर आहात, पण पाइपलाइनमध्ये बाहेरची जी इमेज वापरता तिलाही हाच न्याय लावा.

दुसरं, स्टेजिंगसाठी (प्रॉडच्या आधी चाचणी होते त्या जागेसाठी) एक बिल्ड आणि प्रॉडसाठी वेगळा बिल्ड हे आजच बंद करा. दोन बिल्डच्या मध्ये बेस इमेज बदललेली असू शकते, एखादी लायब्ररी वर सरकलेली असू शकते. म्हणजे टेस्टरने पाहिलं ते एक, आणि ग्राहकाला गेलं ते दुसरंच. इमेज एकदाच बांधायची, मुख्य ब्रँचवर मर्ज झाल्यावर, आणि तीच स्टेजिंगमधून प्रॉडला न्यायची. तुमच्याकडे याला आडवा येईल तो रिॲक्टचा फ्रंटएंड, कारण एपीआयचा पत्ता बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये भाजून निघतो. त्यावर साधा उपाय आहे. कंटेनर सुरू होताना एन्व्हायर्नमेंटमधून एक छोटी कॉन्फिग फाइल लिहायची आणि मुख्य एचटीएमएलमध्ये ती सगळ्यात आधी लोड करायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि तुमच्या ४० मिनिटांतला एक पूर्ण बिल्ड त्यातच वाचेल.

एवढं झालं की रोलबॅक म्हणजे मागचा डायजेस्ट लावणं. पण दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे रजिस्ट्रीची साफसफाई. बहुतेक ठिकाणी कोणीतरी शहाण्याने 'शेवटच्या पाच इमेज ठेवा' असा नियम लावलेला असतो आणि पाइपलाइन दिवसाला सहा इमेज बांधत असते. परत जायच्या वेळी पॉड इमेज मिळत नाही म्हणून अडकून बसतो. प्रॉडला गेलेल्या इमेज निदान महिनाभर हात न लावता ठेवा. दुसरा खड्डा कॉन्फिगमॅपचा, म्हणजे कुबरनेटीसमध्ये सेटिंग ठेवायच्या नोंदीचा. अनडू फक्त डिप्लॉयमेंट मागे नेतं, कॉन्फिगमॅप आहे तसाच राहतो. कोड कालचा आणि सेटिंग आजची, असं विचित्र मिश्रण तयार होतं. कस्टमाइझ (कुबरनेटीसच्या फाइली तयार करणारं साधन) वापरत असाल तर ते कॉन्फिगमॅपच्या नावाला त्यातल्या मजकुराचा हॅश जोडू शकतं, ते चालू करा. म्हणजे सेटिंग बदलली की नाव बदलतं, आणि जुना डिप्लॉयमेंट जुन्याच नावाकडे जातो.

सेटिंग म्हणजे कोड नव्हे, ती थेट लावली तरी चालेल, असं मानणारे पुष्कळ भेटतात. जुलै २०१९मध्ये क्लाउडफ्लेअरने (असंख्य साइटच्या पुढे उभी राहून ट्रॅफिक सांभाळणारी कंपनी) फायरवॉलच्या नियमात एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायचं सूत्र) घातलं. त्यांच्या कोडचे बदल टप्प्याटप्प्याने जायचे, पण हे नियम एकदम जगभर जायचे. सगळीकडच्या मशीनचा सीपीयू १०० टक्क्यांवर गेला आणि २७ मिनिटं त्यांच्यामागच्या साइट कोसळल्या. नंतर त्यांनी तपशीलवार अहवाल लिहिला, तो आवर्जून वाचण्यासारखा आहे.

तो ५०२ येतो कुठून

हा रोलबॅकचाही प्रश्न आहे, कारण रोलबॅक म्हणजे आणखी एक डिप्लॉयच. प्रत्येक डिप्लॉय ग्राहकाला दिसत असेल तर शंका असतानाही लोक मागे जायला कचरतात.

नवा पॉड तयार व्हायच्या आतच त्याच्याकडे ट्रॅफिक जातं, असा बहुतेकांचा समज असतो. तुमचा रेडीनेस प्रोब (पॉड ट्रॅफिक घ्यायला तयार आहे का, ही तपासणी) बरा आहे, त्यामुळे ते कारण मला वाटत नाही. माझा संशय जुन्या पॉडच्या मरण्यावर आहे. पॉड काढायचं ठरलं की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे कंटेनरला सिगटर्म, म्हणजे 'आवरतं घे' असा इशारा, जातो. दुसरीकडे त्या पॉडचा पत्ता एंडपॉइंटच्या यादीतून निघतो, आणि ती बातमी प्रत्येक नोडपर्यंत, इंग्रेसपर्यंत (बाहेरचं ट्रॅफिक आत घेणाऱ्या भागापर्यंत), लोड बॅलन्सरपर्यंत पोचायला लागते. दोघांत कोणी कोणासाठी थांबत नाही. ॲप आज्ञाधारकपणे ताबडतोब बंद झालं, तर पुढची दोन-चार सेकंदं इंग्रेस बंद दारावर रिक्वेस्ट पाठवत राहतो. तोच तुमचा ५०२.

म्हणून प्रीस्टॉप हुकमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत) दहा सेकंदांची झोप घाला. दिसायला बावळट, पण अगदी बरोबर आहे. तेवढ्या वेळात पत्ता सगळीकडून निघून जातो आणि मग सिगटर्म जातो. इमेजमध्ये स्लीपची आज्ञाच नसेल, डिस्ट्रोलेससारख्या अगदी मोजक्या सामानाच्या इमेजमध्ये नसते, तर कुबरनेटीस १.३० पासून झोप ही प्रीस्टॉपमधलीच एक तयार कृती म्हणून मिळते. ही झोप पॉडला बंद व्हायला मिळणाऱ्या एकूण सवलतीच्या वेळातून वजा होते हे विसरू नका. ती सवलत मुळात ३० सेकंदांची असते. दहा झोपेत गेली, आणि गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) हातातलं काम संपवायला स्वतः ३० सेकंदांपर्यंत घेऊ शकतो. म्हणजे गणित आधीच फसलं. ६० करा.

आता खरी गंमत. हे सगळं करूनही फरक पडला नाही तर सिगटर्म ॲपपर्यंत पोचतच नसेल. जँगोच्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट (कंटेनर सुरू होताना चालणारी) असते. त्यात माइग्रेट (डेटाबेसची रचना बदलणं), कलेक्टस्टॅटिक (सीएसएससारख्या फाइली गोळा करणं) आणि शेवटी गनिकॉर्न. शेवटच्या ओळीत गनिकॉर्नच्या आधी 'एक्झेक' हा शब्द नसेल तर शेल (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) स्वतः पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधला पहिला प्रोसेस, म्हणून बसून राहतो आणि गनिकॉर्न त्याचं पोर होऊन चालतो. सिगटर्म येतो शेलला. शेल तो पुढे देत नाही. आणि पीआयडी १ ला कर्नलचा खास मान असतो: ज्या सिग्नलसाठी त्याने स्वतः काही लिहिलेलं नाही, त्याने तो मरतही नाही. मग सवलत संपेपर्यंत सगळे शांत, आणि शेवटी सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने मारणं. चालू असलेल्या सगळ्या रिक्वेस्ट अर्ध्यात तुटतात.

तपासायला क्लस्टरही लागत नाही. लॅपटॉपवर कंटेनर चालवा आणि डॉकर स्टॉप द्या. रिकामा कंटेनर एक-दोन सेकंदांत थांबला तर ठीक. बरोबर दहा सेकंदं लागली आणि एक्झिट कोड १३७ आला, तर सिग्नल पोचत नाहीये. दहा सेकंद ही डॉकरची मुळातली मुदत, आणि १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिलने मारलं. मी नव्या टीमबरोबर काम सुरू केलं की पहिल्या दिवशी हीच चाचणी करतो.

इंजिनएक्स (ॲपच्या पुढे बसणारा वेब सर्व्हर) वेगळ्या कंटेनरमध्ये असेल तर त्याचा उलटाच स्वभाव आहे. तिथे सिगटर्म म्हणजे ताबडतोब बंद, आणि सभ्यपणे बंद व्हायचं तर सिगक्विट. अधिकृत इमेजमध्ये हे आधीच लावून ठेवलेलं आहे. पण तुम्ही डेबियनवर स्वतः इंजिनएक्स चढवून इमेज बनवली असेल तर स्टॉपसिग्नलची ओळ तुम्हालाच लिहावी लागेल.

सेलरीच्या वर्करना वेगळा डिप्लॉयमेंट आणि बरीच मोठी सवलत द्या. सिगटर्मवर सेलरी हातातलं काम पूर्ण करूनच थांबते, पण तुमचा पीडीएफ बनवायचा जॉब चार मिनिटांचा असेल तर ३० सेकंदांत त्याचा जीव घेतला जाईल. आणखी एक: वेबच्या नव्या कोडने नवं टास्क रांगेत टाकलं आणि ते जुन्या वर्करने उचललं, तर त्याला ते टास्क ओळखू येत नाही, तो लॉगमध्ये एक ओळ लिहून संदेश फेकून देतो. नवं टास्क असेल तेव्हा वर्कर आधी, वेब नंतर.

आणि स्टॅटिक फाइली. डिप्लॉय चालू असताना नवा पॉड नवं एचटीएमएल देतो, त्यात नव्या हॅशची सीएसएस फाइल असते, ब्राउझर ती मागायला जातो आणि ती रिक्वेस्ट नेमकी जुन्या पॉडवर पडते. तिथे ती फाइलच नाही. हा ४०४ (फाइल सापडली नाही) असतो, त्यामुळे ५०२च्या आलेखात दिसत नाही, पण ग्राहकाला पान उघडंबोडकं दिसतं. स्टॅटिक फाइली डिप्लॉयच्या आधी ऑब्जेक्ट स्टोअरेजवर चढवा आणि जुन्या काही आठवडे काढू नका.

डेटाबेस मागे येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोड मिनिटात मागे जातो, टेबल जात नाही. ब्ल्यू-ग्रीनबद्दलही माझी अडचण हीच आहे. ॲपच्या दोन पूर्ण प्रती उभ्या केल्यात, दुप्पट पैसे मोजलेत, तरी दोघी एकाच पोस्टग्रेसला चिकटलेल्या असतात. निळ्यावर परत जायचं आणि निळ्याला लागणारा कॉलम हिरव्याने उडवलेला असेल, तर कुठे जाणार?

नियम एकच धरा: मागची इमेज आजच्या स्कीमावर (डेटाबेसच्या रचनेवर) चालली पाहिजे. रोलिंग डिप्लॉयमध्ये जुने आणि नवे पॉड काही मिनिटं शेजारी शेजारी चालतातच, त्यामुळे रोलबॅकचा विचार बाजूला ठेवला तरी हे लागतंच. जँगो इथे दोन ठिकाणी पाय घसरवतो.

कॉलम काढताना: मॉडेलमधून फील्ड काढलं, माइग्रेशन चाललं, कॉलम गेला. जुने पॉड अजून जिवंत आहेत आणि जँगो सिलेक्टमध्ये प्रत्येक कॉलमचं नाव घेऊन विचारतो. ताबडतोब एररची माळ. म्हणून एका रिलीझमध्ये फील्ड फक्त जँगोच्या नोंदीतून काढायचं, त्यासाठी 'सेपरेट डेटाबेस अँड स्टेट' ही सोय आहे, आणि खरा कॉलम पुढच्या रिलीझमध्ये. फक्त तो कॉलम नॉट-नल (रिकामा न चालणारा) असेल तर पहिल्याच टप्प्यात त्याची ती अट सैल करा, नाहीतर नवा कोड रिकामी जागा सोडून ओळ घालायला जाईल आणि अडकेल.

कॉलम घालताना तर जास्त फसवं आहे. डिफॉल्ट दिलेलं नॉट-नल फील्ड घातलं की वाटतं, डिफॉल्ट दिलाय ना, मग काय. पण जँगो तो डिफॉल्ट जुन्या ओळी भरण्यापुरता डेटाबेसमध्ये लावतो आणि लगेच काढून टाकतो. त्यानंतर जुन्या पॉडने नवी ओळ घातली की कॉलम रिकामा म्हणून पोस्टग्रेस ती नाकारतो. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या जँगो ५.० पासून डीबी-डिफॉल्ट हा पर्याय आहे, त्याने डिफॉल्ट डेटाबेसमध्येच राहतो. तुम्ही ४.२ वर असाल तर आधी नल चालेल असा कॉलम, मग भरणं, मग अट, असे तीन टप्पे.

आता लॉक. हा धडा मी स्वतः फी भरून शिकलो. बसच्या तिकिटांची एक साइट होती, गणपतीच्या आधीचा आठवडा, अर्धी मुंबई कोकणात जायच्या तयारीत. आम्ही बुकिंगच्या टेबलवर एक साधा, रिकामा चालेल असा कॉलम घातला. पोस्टग्रेसला हे मिलिसेकंदांचं काम, टेबल कितीही मोठं असो. पण त्यासाठी त्या टेबलवर क्षणभर संपूर्ण एकट्याचा लॉक लागतो. नेमकी तेव्हा हिशेबवाल्यांची एक रिपोर्टची क्वेरी त्याच टेबलवर वीसेक मिनिटांपासून रेंगाळत होती. आमचा ऑल्टर (कॉलम घालणारी आज्ञा) तिच्यामागे उभा राहिला. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण लॉकची रांग असते, आणि ऑल्टरच्या नंतर आलेली प्रत्येक साधी सिलेक्टसुद्धा ऑल्टरच्या मागे उभी राहायला लागली. मिनिटभरात सगळी कनेक्शनं संपली. आमचा रेडीनेस प्रोब डेटाबेसला हात लावून बघणारा होता, त्यामुळे सगळे पॉड एकदम 'तयार नाही' झाले आणि ट्रॅफिक घ्यायला कोणीच उरलं नाही. आम्ही घाईघाईने कोड मागे नेला. काही झालं नाही, कारण ऑल्टर अजून रांगेतच उभा होता. कोणाला तरी सुचलं आणि त्याने ऑल्टर रद्द केला, तेव्हा साइट श्वास घ्यायला लागली.

त्यानंतर मी दोन गोष्टी कधीच सोडल्या नाहीत. माइग्रेशन चालवणाऱ्या कनेक्शनवर लॉक टाइमआउट तीन सेकंद. तेवढ्यात लॉक मिळाला नाही तर माइग्रेशनने माघार घ्यायची आणि पाइपलाइनने थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. आणि रेडीनेस प्रोबने फक्त स्वतःपुरतं सांगायचं, डेटाबेसची चौकशी त्यात नको. डेटाबेस मंदावला तर प्रत्येक पॉड सारखाच आजारी असतो, सगळ्यांना एकदम यादीतून काढून काहीच साधत नाही.

मोठ्या टेबलवर इंडेक्स घालायचा तर कॉन्करंटली, म्हणजे लिहिणं थांबत नाही. जँगोत त्यासाठी तयार ऑपरेशन आहे, फक्त त्या माइग्रेशनवर ॲटॉमिक बंद ठेवावं लागतं, कारण कॉन्करंट इंडेक्स ट्रान्झॅक्शनच्या आत बनत नाही.

आणि माइग्रेट ती एंट्रीपॉइंट स्क्रिप्टमधून काढाच. चार पॉड एकदम उठले तर चौघेही माइग्रेट करायला धावतात, आणि जँगो स्वतः त्यांच्यात कुलूप लावत नाही. डिप्लॉयच्या आधी एक वेगळा जॉब, त्याच इमेजने, एकदाच.

हा नियम पाळला जातोय की नाही हे माणसांच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नका. पाइपलाइनमध्ये एक पायरी घाला: रिकाम्या पोस्टग्रेसवर नव्या कोडची सगळी माइग्रेशनं चालवा, आणि त्या डेटाबेसवर सध्या प्रॉडमध्ये असलेली इमेज उभी करून तिच्या मोजक्या स्मोक टेस्ट (मुख्य गोष्टी चालतात का एवढंच बघणाऱ्या) चालवा. कोणी कॉलम घाईने काढला असेल तर इथेच लाल दिवा लागतो. तीन-चार मिनिटं वाढतील, ती मी आनंदाने देईन.

४० मिनिटांची फोड

तुम्ही फोड दिलेली नाही, ती आधी काढा. किती वेळ रनरची (पाइपलाइनची कामं चालवणाऱ्या मशीनची) वाट बघण्यात जातो, किती इमेज खेचण्यात, किती टेस्टमध्ये, किती बिल्डमध्ये. पाहणीत बऱ्याचदा असं निघतं की आठ-दहा मिनिटं नुसतं कोणी रिकामा रनर नाही म्हणून उभं राहण्यात जातात. तिथे कोड लिहायचाच नाही, रनर वाढवायचा.

बिल्डबद्दल. डॉकरमध्ये आणखी डॉकर चालवणारा रनर दर वेळी कोऱ्या पाटीने उठतो, त्यामुळे लेयरची (इमेजच्या थरांची) कॅश म्हणून काही उरतच नाही. बिल्डकिटची (डॉकरच्या इमेज बांधणाऱ्या यंत्रणेची) कॅश रजिस्ट्रीत ठेवा, आणि मल्टी-स्टेज बिल्ड असेल तर कॅशचा मोड 'मॅक्स' ठेवा. मुळातल्या मोडमध्ये फक्त शेवटच्या स्टेजचे लेयर साठवले जातात, आणि वेळ खाणारी कामं तर आधीच्या स्टेजमध्ये असतात. डॉकरफाइलमध्ये रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) आधी कॉपी करून इन्स्टॉल, बाकी कोड नंतर. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी दर तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये उलटं सापडतं. डॉकरइग्नोरमध्ये .गिट आहे ना, बघून घ्या.

इमेज लहान हवी म्हणून पायथनसाठी अल्पाइन या चिमुकल्या लिनक्सच्या मागे लागू नका. अल्पाइनची सी लायब्ररी मसल, त्यामुळे नेहमीच्या लिनक्ससाठी आधीच बांधून ठेवलेली व्हील्स (पायथनची तयार पॅकेजं) तिथे चालत नाहीत. मसलसाठी वेगळी व्हील्स बऱ्याच पॅकेजना आता मिळतात, सगळ्यांना नाही, आणि जे नाही ते तुमच्या रनरवर सी कोडपासून कंपाइल होतं. चाळीस एमबी वाचवायला सहा मिनिटं घालवलेली मी पाहिली आहेत. पायथनची स्लिम इमेज घ्या आणि निवांत राहा. एआरएम आणि इंटेल अशा दोन्ही इमेज बांधत असाल तर एम्युलेशनवर बांधू नका, त्या त्या जातीच्या रनरवर बांधा.

निनावीपणे डॉकर हबवरून (इमेजच्या सार्वजनिक कोठारातून) इमेज खेचत असाल तर नोव्हेंबर २०२० पासून त्यावर मर्यादा आहे, आणि सगळे रनर एकाच आयपीमागून जात असतील तर ती पटकन भरते. दुपारी चारला बिल्ड उगाचच फसतात ते यामुळे असू शकतं. गिटलॅबचा डिपेंडन्सी प्रॉक्सी खेचलेल्या इमेज जवळ साठवून ठेवतो, तो त्यासाठीच आहे.

टेस्ट समांतर चालवा. आणि जी टेस्ट कधी पास, कधी फेल होते, ती एकतर त्याच आठवड्यात दुरुस्त करा नाहीतर काढून टाका. 'रीट्राय मार, होईल' हे एकदा टीमच्या तोंडी बसलं की खरा लाल दिवाही कोणी बघत नाही.

उरलेल्या काही गोष्टी

कुबसीटीएल अप्लाय (कुबरनेटीसला नवं वर्णन देणारी आज्ञा) झालं की तुमचा जॉब हिरवा होतो. अप्लाय म्हणजे फक्त अर्ज दाखल. पॉड उठले की नाही, हे त्याला माहीत नसतं. पुढे रोलआउट स्टेटस टाइमआउटसह चालवा, आणि ते फसलं तर पाइपलाइननेच अनडू करू द्या. कुबरनेटीस आपणहून मागे येत नाही, दहा मिनिटांनी फक्त 'प्रगती नाही' अशी खूण करतो. डिप्लॉयच्या जॉबला रिसोर्स ग्रुप द्या, म्हणजे एका वेळी एकच डिप्लॉय चालतो; नाहीतर दोन मर्ज पाठोपाठ गेले तर दोन्ही डिप्लॉय एकदम चालून एकमेकांच्या पायात येतात.

गुपितं बिल्ड आर्ग्युमेंटमधून देऊ नका, इमेजच्या इतिहासात ती वाचता येतात. बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा. २०२१मध्ये कोडकव्हचं (टेस्ट किती कोड तपासतात ते मोजणारी सेवा) प्रकरण असंच सुरू झालं. त्यांच्या डॉकर इमेजमधून एक किल्ली बाहेर पडली, तिच्या जोरावर त्यांची अपलोड स्क्रिप्ट बदलली गेली, आणि ती दोन महिने लोकांच्या पाइपलाइनमधली गुपितं बाहेर पाठवत होती. एका ग्राहकाने चेकसम जुळवून बघितला म्हणून ते उघड झालं.

कॅनरीबद्दल (नवा कोड आधी थोड्याच ट्रॅफिकवर चालवून बघणं) तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. तुमचं ट्रॅफिक मिनिटाला काहीशे रिक्वेस्टचं आहे असं धरतो. त्याच्या पाच टक्क्यांत दहा मिनिटं जरी बघितलं, तरी क्वचित येणारी एरर दिसायची शक्यता कमीच. सध्या डिप्लॉयनंतर दहा मिनिटं एरर-रेट आणि चेकआउटचा आकडा बघणारा एक अलार्म पुरेल.

शुक्रवारची बंदी मी लगेच उठवणार नाही. आधी दर बुधवारी, कामाच्या वेळेत, प्रॉडवर एकदा ठरवून रोलबॅक करा, काही बिघडलेलं नसताना. मागच्या डायजेस्टवर जायचं, पाच मिनिटं बघायचं, परत पुढे यायचं. पहिल्या दोन वेळा काहीतरी अडकेलच: परवानगी नसेल, इमेज साफ झालेली असेल, कोणाला पायऱ्याच माहीत नसतील. चार-पाच बुधवार ते घड्याळात पाच मिनिटांच्या आत झालं की शुक्रवारचा विषय टीमच काढेल.

आर्गो सीडी त्यानंतर आणा. एक लक्षात ठेवा: त्यात सेल्फ-हील चालू असेल तर तुम्ही हाताने केलेलं अनडू ते परत पुसून टाकतं, कारण त्याच्या लेखी गिटमध्ये लिहिलंय तेच खरं. तेव्हा रोलबॅक म्हणजे कॉन्फिगच्या रिपॉझिटरीत डायजेस्टची एक ओळ बदलणारी मर्ज रिक्वेस्ट. ती दुसऱ्या कोणाच्या अप्रूव्हलशिवाय जाऊ शकेल अशी सोय आधीच करून ठेवा. रात्री दोन वाजता अप्रूव्ह करणारा झोपलेला असतो.